वर येणारा दिवा

संध्याकाळचे पाच. होडीवाला आम्हा दोघांना, सहा पिशव्यांना आणि पिण्याच्या पाण्याच्या डब्याला तरंगत्या खोपीवर उतरवतो, “सकाळी नऊला येतो” म्हणतो आणि निघून जातो. इंजिनाचा आवाज विरेपर्यंत ह्यॉंगनिम तिकडे बघत उभे राहतात. मग बूट काढून खोलीत जातात, जमिनीवर तळहात टेकतात आणि मान डोलावतात. चटईखालचा विजेचा हीटर चालू आहे. रात्रीची निम्मी काळजी मिटली.

या खोपीला इथे कोरियात ज्वादे म्हणतात. खाली तराफा, वर दहा बाय आठची खोली, खोलीपुढे फळ्यांचा ओटा, ओट्यावर दोन खुर्च्या. चारी बाजूंनी येदांगचं पाणी. हा भातशेतीसाठी बांधलेला जलाशय आहे. येसान आणि दांगजिन या दोन भागांची शेती त्याच्यावर चालते, म्हणून नावातही दोघांचं एकेक अक्षर. १९६४ साली बांधून पुरा झाला. काठाकाठाने फेरी मारायची तर ४० किलोमीटर चालावं लागेल. मी राहतो ते शहर इथून तासाभरावर आहे. त्याचं नाव आसान. नावापुरतंच आसान, हे तिथल्या भाषेशी झुंजताना दोन वर्षांत कळलंय.

ह्यॉंग म्हणजे थोरला भाऊ, निम म्हणजे आपला ‘राव’ किंवा ‘साहेब’. कारखान्यात मी त्यांना हुद्द्याने हाक मारतो. फाटकाबाहेर पडलो की ते ह्यॉंगनिम. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. गेले दोन महिने ते एकच गोष्ट म्हणत होते, बर्फ वितळू दे, तुला बुंगऑ दाखवतो.

बुंगऑ हा गोड्या पाण्यातला मासा. आपल्याकडे त्याला नाव नाही, कारण तो आपल्याकडे नाही. काचेच्या भांड्यात गरगर फिरणारा गोल्डफिश याच कुळातला, पण हा सोनेरी नाही. जुन्या पितळी तांब्यासारखा रंग, मोठे खवले, आखूड तोंड. हिवाळ्यात सोलच्या कोपऱ्याकोपऱ्यावर त्याच्या आकाराच्या साच्यात भाजलेला, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण घातलेला पाव मिळतो. बुंगऑपांग. त्यात मासा नसतो. हे मी पहिल्या हिवाळ्यात तीन वेळा विचारून घेतलं होतं, आणि मी शाकाहारी नाही.

ह्यॉंगनिम काठ्या लावायला घेतात. आठ काठ्या. एकीलाही रीळ नाही. काठीच्या टोकाला तंगूस, जेवढी काठी साधारण तेवढाच तंगूस. लांबी खानात मोजतात, एक खान म्हणजे १.८ मीटर. आखूड काठी दोन खानांची, सगळ्यांत लांब चार खानांची. ती उचलताना ह्यॉंगनिमसुद्धा दोन पायांत अंतर घेतात. काठ्या पंख्यासारख्या पसरतात, त्यांची टोकं समोरच्या वाळुंजांच्या रोखाने. ही वाळुंजाची झाडं गुडघाभर पाण्यात उभी आहेत, फांद्यांवर हिरवट पिवळी लव आलेली. त्यांच्या पायाशी गेल्या वर्षीचे सुकलेले बोरू.

“इथे का? मधे पाणी खोल आहे की.”

“पोटात अंडी आहेत. दिवसभर उन्हाने उथळ पाणी तापतं. रात्री तिथे येतात.”

मी रत्नागिरीकडचा. मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पहिला मोठा पाऊस पडला की व्हाळाच्या उलट्या धारेने मासे वर चढतात, अंडी घालायला, भातखाचरांपर्यंत. चढणीचे मासे. रायगडात त्यालाच वलगण म्हणतात. त्या रात्री अख्खा गाव बॅटऱ्या घेऊन व्हाळात असतो. तिथे पावसाने हाक द्यायची, इथे उन्हाने. मी हे माझ्या मोडक्या कोरियनमध्ये सांगतो. ह्यॉंगनिम लक्ष देऊन ऐकतात आणि विचारतात, “मग ते परत सोडता?”

“नाही. कालवण करतो.”

ते हसतात, पुढे काही बोलत नाहीत.

आमिष गांडुळांचं. पाणी तापलं की पिठाचे गोळे, मक्याचे दाणे, बरंच काही चालतं. मार्चमध्ये मात्र गार पाण्यात सुस्तावलेल्या माशाला वळवळणारंच काहीतरी लागतं. एप्रिल उजाडला की इथे गांडूळ लावायची सोय राहत नाही. ब्लूगिल नावाचा परदेशी मासा एकेक गांडूळ चट करतो. १९६९ साली जपानमार्गे लोकांच्या पोटासाठी म्हणून तो इथे आणला, आणि १९९८ साली त्याच सरकारला तो उपद्रवी म्हणून जाहीर करावा लागला. ह्यॉंगनिम त्याचं नाव घेताना तोंड असं करतात, जसं आमच्या घरी माकडांचं नाव घेतात.

आता तरंगा. इथेच माझं लहानपण खोटं ठरतं.

आमच्याकडे गरवायला बसलं की बूच पाण्यावर डुलत असतं. मासा लागला की बूच खाली जातं. खाली गेलं की ओढ. सहा वर्षांच्या पोरालाही कळतं. येदांगवर तरंगा वर येतो. हा तरंगा हातभर लांब, काडीसारखा बारीक, पाण्यात उभा, आणि त्याचं फक्त टोक बाहेर. ह्यॉंगनिम शिशाचा तुकडा कात्रीने खरवडून खरवडून असा तोलतात, की शिसं तळाला जेमतेम टेकावं. बुंगऑ डोकं खाली करून तळावरचं आमिष ओढून घेतो आणि अंग सरळ करतो. तेवढ्याने शिसं उचललं जातं. त्याचा भार सुटला की तरंगा हळूहळू वर येऊ लागतो. मासा पळालेला नसतो. घास तोंडात घेऊन नुसता सरळ झालेला असतो. आपण पाण्याखालचा एक घास बघत असतो.

“केव्हा ओढायचं?”

“वर येऊन थांबेल तेव्हा.”

“आणि त्याच्या आधी?”

“बघायचं.”

साडेसहाच्या सुमाराला सूर्य डोंगरामागे जातो आणि थंडी एकदम अंगावर येते. ह्यॉंगनिम तरंग्यांच्या टोकांना इवले दिवे लावतात. पूर्वी रसायनाच्या नळ्या मोडून लावायचे, त्यांना केमी म्हणत. आता बॅटरीचे आले तरी नाव केमीच राहिलंय. अंधार पडतो तसे पाण्यावर आठ हिरवे ठिपके उरतात. बाकी सगळं जग जातं. पाणी, आकाश, वाळुंज, काहीच नाही. आठ ठिपके.

आठपर्यंत काही नाही. नऊपर्यंत काही नाही. मी तिसऱ्या काठीकडे बघताना सातवीवर काही झालं असेल का, या धास्तीने मान फिरवत राहतो. ह्यॉंगनिम मान हलवत नाहीत. त्यांचे डोळे आठहीवर एकदम असतात, कसे ते मला अजून कळलेलं नाही.

नऊ वाजून दहा मिनिटांनी चौथा ठिपका किंचित थरथरतो. मग एक बोटभर वर येतो. मी काठी ओढतो. तंगूस मोकळाच हवेत येतो, गांडूळ अर्धं. ह्यॉंगनिम पाण्याकडेच बघत म्हणतात, “तो तर फक्त दार वाजवत होता.” या थरथरीला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, पूर्वसूचना अशा अर्थाचा. खरी सूचना त्यानंतर येते.

दहाला राम्यॉन. छोट्या शेगडीवर पातेलं, शेवया, अंडं, किमची. शेगडी ओट्यावरच, आत नाही. आत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, हे ते मला दुसऱ्यांदा सांगतात आणि खिडकीची फट मोजून चार बोटं उघडी ठेवतात. मग सोजूची हिरवी बाटली. थोरल्याने ओतायचं तेव्हा धाकट्याने पेला दोन्ही हातांनी धरायचा, आणि पिताना तोंड जरा बाजूला वळवायचं. मला सवय झालीय. काकांसमोर सिगारेट लपवणारं घराणं आमचं, अवघड गेलं नाही.

सोजूवरून मला एक ऐकीव गोष्ट आठवते. बुंगऑचे युरोपातले भाऊबंद बर्फाखालच्या तळ्यात प्राणवायूशिवाय महिनोन्‌महिने जगतात. प्राणवायू नसला की अंगात आम्ल साचतं आणि त्यानेच प्राणी मरतो. हा मासा त्या आम्लाची दारू करतो आणि कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली त्यामागची विकरं शोधून काढली. रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमहून जास्त दारू सापडते. भारतात आणि कोरियात गाडी चालवायची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे दोन्ही देशांत या माशाचं लायसन गेलं असतं. ह्यॉंगनिम हे ऐकून खूप वेळ गप्प बसतात, मग आपला पेला पाण्याच्या दिशेने उचलतात.

पलीकडच्या काठावर दिवे दिसतात ते देहुंगचे. ह्यॉंगनिम बोट दाखवतात. तिथल्या दोन भावांची गोष्ट कोरियातल्या कित्येक पिढ्यांनी शाळेत वाचलेली आहे. कापणी झाल्यावर थोरल्याला वाटतं, धाकट्याने नुकता संसार थाटलाय, त्याला जास्त लागेल. धाकट्याला वाटतं, दादाचं खटलं मोठं. दोघेही रात्री गुपचूप आपल्या पेंढ्या दुसऱ्याच्या राशीत नेऊन टाकतात, आणि सकाळी राशी जशाच्या तशा. शेवटी एका चांदण्या रात्री दोघे वाटेत समोरासमोर येतात. हे भाऊ खरेच होऊन गेले. त्यांच्या नावाचा १४९७ सालचा दगड तिथे उभा आहे.

“तुम्हाला किती भाऊ?” मी विचारतो.

“एक. जमिनीवरून बोलत नाही.”

एवढं बोलून ते पाचव्या काठीचं गांडूळ बदलतात.

बारानंतर थंडी हाडात जाते. ओट्यावरच्या फळ्यांवर दव गोठायला लागलंय, मोज्यांखाली कुरकुरतं. लांब काठावर बेडूक ओरडतात, आपल्या पावसाळी बेडकांसारखे घसा फोडून नाही, कुणीतरी हलकेच दाराची कडी हलवावी तसे. ह्यॉंगनिमच्या दुसऱ्या काठीवर एकदा खरी सूचना येते. ठिपका वर येतो, येतो, आणि ते हात काठीवर ठेवून बघत राहतात. ठिपका टोकाला पोचतो, आडवा पडायला होतो. ते अजून बघतायत. मग ठिपका सावकाश खाली उतरतो, जागेवर जातो. मासा घास टाकून गेला.

“ओढलं का नाही?”

“सुंदर होतं,” ते म्हणतात.

मला राग येतो, खरंच येतो. रात्रभर गोठायचं, आणि आला तर ओढायचा नाही! आमच्या गावात असा माणूस पुन्हा कुणी व्हाळावर नेला नसता. मग ते समजावतात. माशाची ओढ हाताला लागते, तिला सोनमात म्हणायचं, हाताची चव. तरंगा वर येताना बघायचा, ती चीमात, तरंग्याची चव. त्यांना पहिल्यापेक्षा दुसरी जास्त लागते. मला ते त्या वेळी पटत नाही.

दोनला ते आत जाऊन झोपतात. “उठवू नको,” म्हणतात. आता आठही ठिपके माझे.

तीन चाळीसला सहावा ठिपका थरथरतो. मी हात काठीवर नेतो आणि थांबवतो. थरथर बंद. मिनिटभर काहीच नाही, मला वाटतं गेला. आणि मग तो वर यायला लागतो. उडी नाही, धक्का नाही. विहिरीतून कुणीतरी कंदील धरून एकेक पायरी चढत यावं तसा. एक बोट. दोन बोटं. मला माझा श्वास ऐकू येतो. चार बोटं. आता पाण्यात त्याचं प्रतिबिंबही लांब झालंय, एक दिवा वर चाललाय आणि एक खाली. तो थांबतो.

मी ओढतो.

चार मीटरची काठी कमानीसारखी वाकते आणि मनगटात काहीतरी जिवंत, जड, गार धडपडतं. बोरूंकडे जाऊ द्यायचं नाही, एवढंच आठवतं. मी उभा राहतो, खुर्ची मागे पडते, पातेल्याला लागते, पातेलं पाण्यात जातं. पातेलं ह्यॉंगनिमच्या बायकोचं. ते त्या आवाजाने उठतात, मोज्यांवरच बाहेर येतात, जाळी पाण्यात धरतात.

दिव्याच्या उजेडात तो पितळी दिसतो. पोट फुगलेलं, मादी आहे. ह्यॉंगनिम आधी हात पाण्यात बुडवतात, कोरड्या हाताने धरलं तर तिच्या अंगावरची बुळबुळीत साय जाते म्हणून. मग मोजपट्टीवर ठेवतात. इथे ३०.३ सेंटिमीटर म्हणजे एक जा, जुनं हातमाप. त्याच्यावरचा मासा वोल्चॉक. त्याचा लोक फोटो काढतात, ठसा घेतात, वर्षानुवर्षं सांगतात.

पट्टी वाचून झाल्यावर ते मला विचारतात, “कालवण?”

मी मान हलवतो. ते तिला दोन्ही हातांत धरून पाण्यात टेकवतात. ती क्षणभर तशीच राहते, मग नसते.

पावणेसातला उजाडतं. पाण्यावर वाफ. पांढरा मोठा पक्षी वाळुंजांवरून जातो. बगळा असेल असं मी म्हणतो, ह्यॉंगनिम पंखांच्या काळ्या कडा दाखवतात. करकोचा. इथल्या रानातला शेवटचा नर १९७१ साली गोळीने मेला. आता दिसतात ते पलीकडच्या गावात वाढवून २०१५ पासून सोडलेले आणि त्यांची पिल्लं.

नऊला होडी येते. होडीवाला दोरी टाकता टाकताच विचारतो, किती? ह्यॉंगनिम स्वतःकडे बोट करून म्हणतात, “क्वांग.” भोपळा. मग माझ्याकडे बोट करतात आणि आकडा सांगतात. २७ सेंटिमीटर. वोल्चॉकला ३ सेंटिमीटर ३ मिलिमीटर कमी. पातेल्याचं ते काही बोलत नाहीत.