काडीचा पूल, मणाचा भार!

इथे पूल मोडल्याशिवाय निकाल लागत नाही! शाळकरी मुलांच्या लाकडी पूलबांधणी स्पर्धेतल्या या भन्नाट गोष्टी.

मजबूत हवा, पण हलका!
शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीशी जोडलेली हायस्कूलच्या मुलांची ही स्पर्धा 1970च्या दशकात सुरू झालेली. साहित्य दोनच: जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीच्या बासवुड लाकडाच्या काड्या आणि गोंद. पेललेल्या भाराला पुलाच्या वजनाने भागायचं; ज्याचा भागाकार मोठा, तो पहिला. 25 ग्रॅमच्या पुलाने 40 किलो पेलले तर आकडा 1600. तेच 20 ग्रॅमच्या पुलाने पेलले, तर 2000! म्हणून गोंदाचा जास्तीचा थेंबही महागात पडतो.

त्रिकोणाचं राज्य
चौकोनी सांगाडा बाजूने ढकलला की तिरका होतो. त्रिकोण मात्र बाजूंची लांबी बदलल्याशिवाय आकार सोडत नाही. अमेरिकेतल्या प्रॅट पितापुत्रांनी 1844 मध्ये आणि इंग्लंडच्या जेम्स वॉरनने 1848 मध्ये पेटंट घेतलेल्या ट्रसच्या, म्हणजे त्रिकोणांच्या सांगाड्याच्या, रचना आजही मुलांच्या पुलांमध्ये दिसतात.

लांबी दुप्पट, ताकद पाव
दोन्ही टोकांनी दाबलेली बारीक काडी चिरडली जात नाही, मध्येच बाक येऊन दगा देते. गणितज्ञ ऑयलरने 18व्या शतकात याचं सूत्र मांडलं: काडीची लांबी दुप्पट केली, तर ती एक चतुर्थांश दाबालाच वाकते. उलट, मधोमध पक्का आडवा आधार दिला की तीच काडी चौपट दाब सोसते. काडीभर लाकडात केवढा फायदा!

54 टनांची परीक्षा
रशियाचा तंत्रज्ञ इव्हान कुलिबिन नेवा नदीवर सुमारे 300 मीटरची एकच लाकडी कमान टाकायला निघाला होता. 1776 मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याच्या एक-दशांश मापाच्या, 30 मीटर लांबीच्या मॉडेलची चाचणी झाली. त्याचं गणित खुद्द ऑयलरने तपासलं होतं. मॉडेलने स्वतःच्या वजनाच्या दहापट, म्हणजे जवळपास 54 टन भार पेलला! खरा पूल मात्र कधीच झाला नाही.

लहान मूर्ती, मोठी कीर्ती
मुलांचा पूल हजारपट भार पेलतो, खरा पूल का नाही? प्रत्येक माप दहापट केलं की काडीच्या छेदाचं क्षेत्रफळ शंभरपट होतं, वजन मात्र हजारपट! मोठ्या पुलाची बरीचशी ताकद स्वतःला सावरण्यातच जाते. हे गॅलिलिओने 1638 मध्येच सांगून ठेवलंय.

तुकडे बोलतात
कडाड्! पूल गेला की खरा अभ्यास सुरू. काडीचं टोक कुसळांसारखं फाटलंय? ती ताणाने तुटली. दाबाखालची लांब काडी मध्येच वाकून मोडली? आधार कमी पडला. सांधा स्वच्छ सुटून आला, लाकडाचा एक तंतूही निघाला नाही? मग लाकूड निर्दोष, चिकटवण्यात कसर राहिली.

शिक्षकहो, विज्ञान प्रदर्शनात एक टेबल यासाठी राखून ठेवा. आइस्क्रीमच्या काड्या, फेविकॉल, दोन बाकं आणि वाळूची बादली एवढ्यावर भागतं. गोंद रात्रभर वाळू द्या, बादलीखाली जाड पोतं अंथरा, आणि मोडलेला पूल टाकू नका: मुलांना त्याचा पंचनामा करू द्या. पुस्तकातला ताण आणि दाब मग पाठ करावा लागणार नाही.