१,०३५ चेंडू, एकच हात

महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकणारी पिचर आणि फलंदाज यांच्यात अंतर असते अवघे ४३ फूट. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची. हात खालून फिरवून टाकलेला चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो, तेव्हा फलंदाजाला विचार करायला अर्धा सेकंदही उरत नाही.

अमेरिकी कॉलेज सॉफ्टबॉलची अंतिम स्पर्धा ओक्लाहोमा सिटीत भरते. २००७ मध्ये तिथे ॲरिझोना विद्यापीठाच्या टॅरिन मोवॅटने आठवड्याभरात आठ सामने खेळून १,०३५ चेंडू टाकले. ६० इनिंग, ७६ स्ट्राइकआउट (म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद झालेल्या फलंदाज). एकाही इनिंगला बदली पिचर नाही! अंतिम लढत तीन सामन्यांची, समोर टेनेसी. पहिला सामना ०-३ असा गेला. दुसरा सातऐवजी दहा इनिंगपर्यंत ताणला गेला आणि ॲरिझोनाने १-० असा काढला. तिसरा ५-०.

गंमत अशी, की हरलेल्या संघाची पिचर मोनिका ॲबट आकड्यांत सरस होती. कारकिर्दीत २,४४० स्ट्राइकआउट, कॉलेज सॉफ्टबॉलचा विक्रम. टेक्सासची कॅट ऑस्टरमन २,२६५वर थांबली, पण तिचे ‘परफेक्ट गेम’ सात. परफेक्ट गेम म्हणजे २१ फलंदाज आले आणि एकालाही पहिला बेस गाठता आला नाही. ॲबट आणि ऑस्टरमन पुढे बीजिंग आणि टोकियो या दोन्ही ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून एकत्र खेळल्या. दोन्हीकडे रौप्यच मिळाले आणि सुवर्ण जपानने नेले.