लांबचा विमानप्रवास आणि पोटरीतली गुठळी

मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या एक काकू माझ्याकडे आल्या होत्या. मी रक्तदाब पाहिला, मधुमेहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि ‘सुखरूप जाऊन या’ म्हटले. विमानात किती तास बसणार, हे मात्र विचारले नाही. परत आल्यावर चौथ्या दिवशी त्यांची डावी पोटरी सुजली. घरच्यांनी दोन दिवस तेल लावून चोळली. सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गुठळी दिसली. सुदैवाने औषधांनी त्या बऱ्या झाल्या.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला पंधरा-सोळा तास लागतात. वाटेत विमान बदलायचे तर वीसच्या वर. पायातले रक्त वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. तासन् तास पाय दुमडून बसल्यावर हे काम थंडावते, रक्त साकळते. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका दुप्पट-तिप्पट होतो. तरीही प्रमाण साधारण सहा हजारांत एक. म्हणजे घाबरायचे कारण नाही, गाफील राहायचेही नाही.

पूर्वी गुठळी झालेले, नुकतेच ऑपरेशन झालेले, कर्करोगाचे रुग्ण, गर्भवती, संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया आणि फार स्थूल व्यक्ती यांनी आधी डॉक्टरांना भेटावे. विशिष्ट घट्ट मोजे त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावेत. ॲस्पिरिन मनाने घेऊ नये.

इतरांनी तास-दीड तासाने उठून चार पावले चालावे. बसल्या जागी टाचा-चवडे आळीपाळीने उचलावेत. पायाशी पिशव्या कोंबू नयेत. विमानातली हवा फार कोरडी असते, म्हणून पाणी पीत राहावे. मद्य आणि झोपेची गोळी टाळावी. आतला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरल्यासारखा, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही विरळ असतो. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

मधुमेहींसाठी आणखी एक. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ ते साडेदहा तास मागे असते. जाताना दिवस तेवढा लांबतो, येताना आखडतो. इन्सुलिनच्या वेळा आणि मात्रा निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे. सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकते.

प्रवासानंतर काही आठवड्यांतही एकच पाय सुजला, दुखू लागला तर चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णालय गाठा.

हल्ली परदेशी निघालेल्या प्रत्येकाला मी रक्तदाब पाहण्याआधी विचारतो, ‘किती तास बसणार?’