हस्तपुस्तिका लिहिण्यापूर्वी : सोलापुरातून काही विचार

प्रत्येक वैद्याच्या टेबलाच्या खणात एक जुनी वही असते. गुरुजनांकडून मिळालेले योग, अनुभवास आलेली अनुपाने, एखाद्या रुग्णाने शिकविलेला धडा असे बरेच काही तिच्यात टिपलेले असते. व्यवसायात पंचवीस-तीस वर्षे गेल्यावर ही वही छापावी, तरुण वैद्यांच्या व औषधालयाच्या उपयोगी पडावी, अशी इच्छा मनात येते. ही इच्छा स्तुत्यच आहे. परंतु वही आणि पुस्तिका यांत मोठे अंतर आहे. वहीतील त्रुटी लिहिणारा स्वतःच्या स्मरणाने भरून काढतो. पुस्तिकेतील त्रुटी वाचणाऱ्याच्या रुग्णास भोगावी लागते. हे अंतर कसे ओलांडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका सोलापूरकराचा ग्रंथ

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन 1938 साली ते भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. त्यांची युद्धभूमीवरील रुग्णसेवा सर्वांस ठाऊक आहे. त्यांनी केलेले ग्रंथलेखन मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही. 1941 च्या प्रारंभी बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. रुग्णालयासोबत वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अध्यापनाचीही जबाबदारी होती. ग्रंथालय नाही, साधने अपुरी, शत्रूच्या हालचालींमुळे मुक्काम वारंवार हलवावा लागे. अशा स्थितीत त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली आणि विद्यार्थ्यांसाठी शल्यचिकित्सेचे पाठ्यपुस्तक लिहावयास घेतले. शल्यचिकित्सेच्या सामान्य तत्त्वांचा भाग पूर्ण झाला. विशेष शस्त्रकर्मांचा भाग लिहीत असतानाच 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

या घटनेत आपल्यासाठी एक बोध आहे. सर्व शस्त्रकर्मांचा बृहद्ग्रंथ एकदमच लिहावयाचा, असे त्यांनी ठरविले असते, तर विद्यार्थ्यांच्या हाती विस्कळीत टिपणेच उरली असती. सामान्य भाग आधी पूर्ण केल्यामुळे एक स्वयंपूर्ण पुस्तक मागे राहिले. लहान पण पूर्ण, ही हस्तपुस्तिकेची पहिली अट होय.

पूर्वसूरींचा मार्ग

आपल्या परंपरेस हा विचार नवा नाही. माधवकराने चिकित्सेचा मोह टाळून केवळ रोगनिदानावर ग्रंथ रचला. ज्या वैद्यांपाशी अनेक तंत्रे नाहीत त्यांच्यासाठी आपण हे लिहीत आहोत, असे त्याने आरंभीच स्पष्ट केले. वाचक कोण आणि विषय कोणता, हे दोन्ही प्रश्न त्याने लेखणी उचलतानाच सोडविले होते. शार्ङ्गधराने तीन खंडांत आणि 32 अध्यायांत व्यवहारोपयोगी वैद्यक बसविले, आणि पहिल्याच अध्यायात मानपरिभाषा दिली. योग नंतर, मोजमाप आधी. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात उत्तम शास्त्राची लक्षणे सांगितली आहेत. पुनरुक्तिदोष नसावा, शब्द क्लिष्ट नसावेत, अर्थ त्वरित कळावा, लक्षणासोबत उदाहरण असावे. हस्तलिखित मुद्रकाकडे देण्यापूर्वी हा उतारा प्रत्येक लेखकाने पुन्हा वाचावा.

विषयाची मर्यादा

उदाहरणादाखल आपल्या जिल्ह्याचाच विषय घेऊ. सोलापूरचा उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जाणे येथे नित्याचे. तेव्हा ‘ग्रीष्मातील विकार’ या विषयावर 32 पृष्ठांची पुस्तिका काढावयाची, असे समजू. 32 पृष्ठे म्हणजे सोळा पानी दोन फर्मे. मजकूर 34 पृष्ठांवर गेला की तिसऱ्या फर्म्याचा खर्च येतो. म्हणून पृष्ठांची वाटणी आधीच करावी. मान, संज्ञा व सूचना यांना चार पृष्ठे, ऋतुचर्येस सहा, सामान्य विकारांस चौदा, धोक्याच्या लक्षणांस चार, सूचीस चार. ज्यास या वाटणीत जागा नाही ते वहीतच राहू द्यावे. पुस्तिका फाल्गुनात वाचकांच्या हाती पडावयाची असेल, तर हस्तलिखित दिवाळीपर्यंत पूर्ण झाले पाहिजे. वैशाखात येणारी ग्रीष्माची पुस्तिका पुढच्या वर्षाची ठरते.

धोक्याच्या लक्षणांची चार पृष्ठे कोणत्याही परिस्थितीत कमी करू नयेत. पन्हे, सरबत, उशीरसिद्ध जल यांचे वर्णन लिहिताना लेखणी रमते. परंतु शरीराचे तापमान 40 अंश सेल्सिअस वा अधिक, सोबत भ्रम, असंबद्ध बोलणे किंवा बेशुद्धी, असा रुग्ण समोर आला तर वाचकाने काय करावे? त्यास सावलीत घेऊन पाणी व वारा यांनी तत्काळ थंड करावे, शुद्ध नसल्यास तोंडाने काहीही देऊ नये आणि विनाविलंब रुग्णालयात हलवावे. ही वाक्ये ठळक टाइपात व मुखपृष्ठाच्या आतील बाजूस असावीत. आपल्या चिकित्सेची सीमा कोठे संपते, हे सांगणे कमीपणाचे नाही. साध्यासाध्य विचार आपल्या शास्त्राचाच आहे.

मान आणि नाम

हस्तपुस्तिकेतील बहुतेक अनर्थ या दोन ठिकाणी होतात. शार्ङ्गधराच्या मागधमानात माष सहा गुंजांचा, तर कलिंगमानात आठ गुंजांचा. केवळ ‘एक मासा’ असे लिहिले तर वाचकाने कोणता धरावा? म्हणून भारतीय आयुर्वेदिक योगसंग्रहात स्वीकारलेले रूपांतर, म्हणजे एक गुंज 125 मिलिग्रॅम, एक कर्ष 12 ग्रॅम, एक पल 48 ग्रॅम, आरंभी कोष्टकात द्यावे आणि पुढे सर्वत्र तेच पाळावे.

नावांचेही तसेच. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे रुग्ण एकाच दुकानात येतात. गुळवेल कोणी ‘अमृतबळ्ळी’ म्हणून मागतो, कोणी ‘तिप्पतीगा’ म्हणून. स्थानिक नावे द्यावीतच, पण सोबत वनस्पतिशास्त्रीय नाव अनिवार्य आहे. कोविडच्या काळात गुळवेलीच्या सेवनाशी संबंधित यकृतविकारांची चर्चा झाली, तेव्हा आयुष मंत्रालयास 2022 मध्ये टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया व टिनोस्पोरा क्रिस्पा या दोन जातींतील भेद स्पष्ट करावा लागला. पुस्तिकेत केवळ ‘गुळवेल’ लिहून भागत नाही, ते यामुळेच. वत्सनाभ, कुचला, धत्तूर, भल्लातक यांसारखी द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या अनुसूची ई(1) मध्ये आहेत. ज्या योगात ती येतात तेथे शोधनाचा उल्लेख आणि वैद्यकीय देखरेखीची सूचना असलीच पाहिजे.

जाहिरात आणि कायदा

खर्च भागविण्यासाठी औषधालयाची जाहिरात घेणे गैर नाही. मात्र 1954 च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याचे भान ठेवावे. प्रामाणिक शास्त्रीय दृष्टीने लिहिलेल्या ग्रंथास या कायद्यात सूट आहे; परंतु आतील मजकूर विशिष्ट उत्पादनाची शिफारस करू लागला की तो ग्रंथ राहत नाही. जाहिरात मलपृष्ठावर, लेखन आत, आणि दोहोंमध्ये स्पष्ट रेषा असावी.

मुद्रितशोधन

शेवटी स्वतःचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यातील उपचारांचे एक पत्रक आम्ही तयार केले. मी व एका सहाध्यायी वैद्यांनी मुद्रिते दोनदा तपासली आणि छपाईस अनुमती देणार, तोच ती औषधालयात पुड्या बांधणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या हाती पडली. त्यांनी विचारले, “वैद्यराज, प्रवाळपिष्टी सव्वाशे ग्रॅम द्यावयाची काय?” अक्षरजुळणीत ‘मि.’ गळले होते. आम्ही दोघांनी ती ओळ स्मरणाने वाचली होती. त्यांनी ती तराजूने वाचली. तेव्हापासून मात्रेची प्रत्येक ओळ जो प्रत्यक्ष वजन करतो त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावयाची, आणि ‘मिलिग्रॅम’ हा शब्द संक्षेप न करता पूर्ण छापावयाचा, असा नियम मी पाळतो.

वाचकहो, आपल्या खणातील वही अवश्य बाहेर काढावी. तिच्यातील एकच विषय निवडावा, तो पूर्ण करावा, आणि छापण्यापूर्वी तो एका तरुण वैद्याच्या व एका औषधविक्रेत्याच्या हाती द्यावा. त्यांनी विचारलेले प्रश्न लिहून घ्यावेत. त्या प्रश्नांची उत्तरे पानांत उतरली की पुस्तिका तयार झाली असे समजावे.