मुक्या सोबत्याचे आजारपण

कुत्र्याचे म्हातारपण माणसांच्या लक्षात उशिरा येते. तोंडाभोवतीचे केस पांढरे होतात, डोळ्यांत निळसर झाक उतरते, जिन्याची पायरी चढण्याआधी तो क्षणभर थांबू लागतो. आणि घरातले म्हणतात, ‘वय झाले.’ हे दोन शब्द फार सोयीचे आहेत. दहा वर्षे ओलांडलेल्या कुत्र्यांच्या मृत्यूच्या कारणांत कर्करोगाचा क्रम बराच वरचा आहे, आणि त्याची पहिली चिन्हे बहुधा याच दोन शब्दांआड दडून राहतात.

आमच्या सांगलीच्या घरात मोती नावाचा लॅब्रॅडॉर आहे. गेल्या श्रावणात, दहा वर्षांचा होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा त्याच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी माझ्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या हाताला लागल्या. दाबले तरी तो कण्हत नव्हता. पशुवैद्यांनी जबड्याखाली पाहून झाल्यावर खांद्यांच्या पुढे आणि मागच्या पायांत गुडघ्यांच्या मागे बोटे फिरवली. तिथेही तशाच गाठी होत्या. या लसीकाग्रंथी. निरोगी कुत्र्यात त्यांतल्या काही हाताला जेमतेम लागतात. एकाच वेळी सगळीकडे, न दुखता वाढल्या तर लिम्फोमाची शंका घ्यावी लागते. सुईने गाठीतील पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या की बहुतेक वेळा निदान होते. घरी कुत्रा असणाऱ्या प्रत्येकाने महिन्यातून एकदा या तीन जागा चाचपून पाहाव्यात. त्याला ते लाड वाटतात, आपले काम होते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. गाठी दिसल्या की सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडची गोळी देण्याचा मोह होतो, आणि गाठी खरोखरच लहान होतातही. परंतु निदान आणि उपचाराची दिशा ठरण्याआधी ही गोळी सुरू झाली, तर पुढच्या औषधांना रोग दाद देईनासा होण्याची शक्यता वाढते. निदान होईपर्यंतचे दोन-चार दिवस कठीण जातात. तरी ते तसेच जाऊ द्यावेत.

डॉक्टरांनी आमच्यापुढे आकडे ठेवले. काहीच केले नाही तर साधारण ४ ते ६ आठवडे. केवळ प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांवर एक ते तीन महिने. चार औषधांचा एकत्रित उपचार, म्हणजे केमोथेरपी, सहा महिन्यांच्या आत संपते. मोतीसारख्या बी-पेशींच्या लिम्फोमात तिने दहांतील आठ-नऊ कुत्र्यांच्या गाठी मावळतात आणि आयुष्य सरासरी वर्षभराच्या आसपास मिळते. मावळतात हा शब्द त्यांनी जपून वापरला. रोग समूळ जातो असे त्या म्हणाल्या नाहीत.

अण्णा चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांनी विचारले, “डॉक्टर, हे आम्ही त्याच्यासाठी करायचं, की आमच्यासाठी?”

त्या वयाने लहान, पण उत्तर देताना गडबडल्या नाहीत. “अण्णा, माणसाला आम्ही सांगू शकतो, थोडे दिवस सोसा, पुढं बरं वाटेल. याला ते सांगता येत नाही. म्हणून याला सोसावं लागणार नाही एवढंच औषध द्यायचं असतं.”

माणसांची केमोथेरपी पाहिलेल्यांना हे खरे वाटत नाही. आमच्या घरानेही ती एकदा पाहिली आहे. परंतु कुत्र्यांच्या उपचाराचे धोरणच वेगळे आहे. तिथे रोग कोणत्याही किमतीवर नाहीसा करण्याचा अट्टहास नसतो. मात्रा त्यामानाने सौम्य ठेवतात. काहींना उलट्या-जुलाब होतात, रुग्णालयात ठेवावे लागणारे थोडेच. केसही सहसा गळत नाहीत. पूडलसारख्या, ज्यांचे केस सतत वाढत असतात अशा जातींत मात्र ते विरळ होतात. मोतीच्या फक्त मिशा गळाल्या.

या चार औषधांपैकी व्हिन्क्रिस्टीन हे सदाफुलीपासून मिळते. आमच्या फाटकाजवळ सदाफुलीची रांग आहे, पण ही गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. अण्णांना सांगितले तेव्हा ते त्या झाडांकडे बघत म्हणाले, “एकेंद्रिय जीव पंचेंद्रियाला सांभाळतोय म्हणायचा.” मात्र सदाफुलीची पाने वाटून कुत्र्याला घालण्याचा विचारही कोणी करू नये. ती विषारी आहेत. पानांतून हे द्रव्य अत्यंत अल्प प्रमाणात निघते आणि त्याची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने मिलिग्रॅममध्ये मोजून, थेट शिरेतच द्यावी लागते. शिरेबाहेर थेंब सांडला तरी तिथले मांस जळते. डॉक्सोरुबिसिनचेही तसेच. ते जास्वंदीच्या पाण्यासारखे लालभडक असते, सलाईनमधून सावकाश सोडतात आणि हृदयावर परिणाम करू शकते म्हणून आधी हृदयाची तपासणी करून घेतात. सायक्लोफॉस्फमाइडने मूत्राशयाला इजा होऊ शकते; ते सकाळी द्यायचे, पाणी भरपूर ठेवायचे आणि दिवसभर त्याला पुन्हा पुन्हा बाहेर न्यायचे. तो दिवस अण्णांचा असे. दर दीड तासाने काठी आणि साखळी घेऊन दोघे अंगणात उतरत. कोण कोणाला फिरवते आहे हे सांगणे कठीण होते.

प्रत्येक मात्रेआधी रक्त तपासतात. औषधानंतर साधारण सातव्या दिवशी पांढऱ्या पेशी सर्वांत खाली येतात आणि तेव्हा जंतुसंसर्गाचे भय असते. कुत्र्याचे अंग एरवीच आपल्यापेक्षा गरम असते, १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. हात लावून ताप कळत नाही. त्याचा वेगळा तापमापक ठेवावा आणि १०३ च्या वर पारा गेला, तो सुस्त दिसला, तर रात्र असली तरी फोन करावा. मात्रेनंतर काही दिवस त्याच्या मल-मूत्रात औषधाचा अंश उतरतो. ते हातमोजे घालूनच आवरायचे, जागा भरपूर पाण्याने धुवायची आणि गोळ्या कधीही फोडायच्या वा कुटायच्या नाहीत. धाकट्या जावेला तेव्हा दिवस गेले होते. मोतीचे हे सगळे काम आम्ही तिच्याकडून काढून घेतले. तिला वाईट वाटले. मोती तिच्याच लग्नाच्या वर्षी घरात आला होता.

भाद्रपदात, दशलक्षण पर्वाच्या सुमारास, गाठी हाताला लागेनाशा झाल्या.

रोगापेक्षा प्रेडनिसोलोननेच आमची अधिक धांदल उडवली. त्याने तहान वाढते, लघवी वाढते, भूक तर अशी वाढते की पाहून दया यावी. मागच्या पायांचे मांस झडते. त्यात म्हातारे सांधे आणि आमच्याकडची गुळगुळीत फरशी. दिवाणखान्यापासून परसदारापर्यंत आम्ही गोणपाटाची वाट अंथरली. पाहुण्यांना ती विचित्र वाटे. सांध्यांसाठी पूर्वी चालू असलेली वेदनाशामक गोळी बंद करावी लागली, कारण ती स्टेरॉइडबरोबर दिली तर पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. आपल्या औषधांच्या डब्यातील आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामोल तर कुत्र्याला मनानेच कधीही देऊ नये.

आता आहाराविषयी. मोती जन्मापासून आमच्याच स्वयंपाकावर वाढलेला. कुत्रा मांजरासारखा केवळ मांसावर अवलंबून नसतो. आहार नीट आखला तर तो शाकाहारावर चांगला राहतो. ‘नीट आखला तर’ हे महत्त्वाचे, नुसता दूध-भाकरीचा काला म्हणजे आहार नव्हे. जैन स्वयंपाकघराचा एक अनपेक्षित लाभ असा की कांदा आणि लसूण, दोन्ही कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक, आमच्याकडे मुळातच नाहीत. मनुका आणि द्राक्षे मात्र असतात, तीही त्याला तितकीच वर्ज्य. आणि सांगली जिल्ह्यात ती दूर ठेवणे ही तपश्चर्याच आहे. डॉक्टरांनी अंड्याचा विषय काढला, आम्ही अडचण सांगितली. त्यांनी वाद न घालता पनीर, मूगडाळ, भात, भोपळा आणि वरून जीवनसत्त्वे-क्षार यांचा हिशेब लिहून दिला.

अण्णांचा चौविहार आहे. सूर्यास्तानंतर घरात चूल पेटत नाही आणि मोतीचेही जेवण आजवर उजेडातच होत आले. परंतु गोळीच्या भुकेने तो रात्री नऊ वाजता रिकाम्या ताटलीपाशी जाऊन बसू लागला. दोन रात्री अण्णांनी ते पाहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी संध्याकाळीच भात बाजूला काढून ठेवायला सांगितले. “व्रत माझं आहे,” ते म्हणाले, “त्यानं कुठं घेतलंय?”

याच्या उलटही दिवस येत. डॉक्सोरुबिसिननंतर दोन-तीन दिवस तो अन्नाकडे पाहत नसे. अन्नपाण्याचा निरोध हा अहिंसाव्रताच्या पाच अतिचारांपैकी एक, हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकलेले असते. त्यामुळे जनावर जेवले नाही की घरातल्या बायका हवालदिल होतात आणि घास जबड्यात कोंबू लागतात. माझ्या मते तोही एक प्रकारचा निरोधच आहे, त्याच्या नकाराचा. मळमळ थांबवणारी गोळी द्यावी, पाणी जवळ ठेवावे आणि थांबावे. मळमळ असताना कोंबलेल्या पदार्थाची त्याला पुढे कायमची शिसारी बसते.

खर्चाविषयी नातेवाईक बोलले. कुत्र्यापायी एवढे पैसे घालवण्यापेक्षा पांजरपोळाला द्यावेत, त्यात शंभर जीव जगतील, असा त्यांचा मुद्दा होता आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. आपल्या समाजाची भूतदया शतकानुशतके आश्रय देण्यात व्यक्त झाली. एका प्राण्याच्या दीर्घ आजाराशी वर्षभर झुंजणे ही आपल्याला नवीच गोष्ट आहे. मला एवढेच वाटते की जो जीव आपण आणून आपल्यावर अवलंबून केला, त्याचे देणे आणि रस्त्यावरच्या शंभरांचे देणे ही दोन वेगळी खाती आहेत. एकातून दुसरे फिटत नाही. पण या बोलण्यातून एक चांगले घडले. भटक्या कुत्र्यांत संभोगातून एकाकडून दुसऱ्याला लागणारा एक अर्बुद आपल्याकडे सर्रास आढळतो. जननेंद्रियाजवळ रक्ताळलेली, फुलकोबीसारखी गाठ दिसते, लोक हाकलून देतात. तोच रोग व्हिन्क्रिस्टीनच्या आठवड्याला एक अशा चार-सहा इंजेक्शनांनी बहुतेकांत पूर्ण बरा होतो, आणि खर्चही मोतीच्या उपचाराच्या मानाने किरकोळ. अण्णांनी आमच्या गल्लीतल्या एका कुत्रीचे तेवढे पैसे दिले. ती आता फाटकाबाहेर, सदाफुलीच्या सावलीत झोपते आणि मोतीवर भुंकते.

माघात उपचार पूर्ण झाला. वसंत फार चांगला गेला. ज्येष्ठात गाठी परत आल्या.

दुसऱ्या फळीची औषधे आहेत. मात्र त्यांना दाद मिळण्याची शक्यता कमी, आणि मिळालीच तर काळ थोडा. घरात मतभेद झाले. माझ्या मुलाला उपचार सुरू करायचे होते. डॉक्टरांनी एक मापनपद्धती दाखवली. अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी ती तयार केली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहांपैकी गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर त्याचे जगणे ठीक चालले आहे असे समजायचे. मुलाने आणि अण्णांनी आठवडाभर वेगवेगळे गुण लिहिले आणि मग वह्या शेजारी ठेवल्या. बेरजा जवळपास सारख्या निघाल्या, ४४ आणि ४२. रुग्णालयाच्या फेरीच्या दिवशी मात्र दोघांनीही आनंदाला दोन गुण दिले होते. वर्षभरात त्या पांढऱ्या टेबलाची मोतीला धास्ती बसली होती. मुलाने स्वतःच फोन करून नवी औषधे नकोत म्हणून सांगितले. आता प्रेडनिसोलोन तेवढे चालू आहे, आणि पुढे वेदना झाल्यास, श्वासाला त्रास झाल्यास काय द्यायचे ती औषधे लिहून, आणून ठेवली आहेत.

शेवटच्या इंजेक्शनाविषयीही डॉक्टरांनी विचारून ठेवले. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सल्लेखना घेणाऱ्यानं घ्यायची असते, डॉक्टर. दुसऱ्यानं द्यायची नसते.” त्या म्हणाल्या, “ठीक आहे. पण मग तो तडफडणार नाही याची जबाबदारी आपल्या दोघांची.” अण्णांनी मान्य केले. आमच्या ओळखीच्या एका घरी गेल्या वर्षी ते इंजेक्शन दिले गेले. हाडाच्या कर्करोगाने पाय मोडलेल्या त्या कुत्र्याचे ओरडणे मी ऐकले होते, आणि त्या घराला नावे ठेवण्याचे धाडस माझ्यात नाही. पण हात न लावता ‘कर्म भोगू द्या’ म्हणून कोपऱ्यात पडू देणे, हे मला या दोहोंपेक्षा वाईट वाटते. जीवंधर कुमाराने मरणोन्मुख कुत्र्याच्या कानात णमोकार सांगितला आणि तो सुदर्शन यक्ष झाला, ही कथा आपण मुलांना सांगतो. कथेतला कुमार त्या मार खाल्लेल्या कुत्र्याजवळ बसला होता, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

सध्या आषाढ सरत आला आहे. पावसामुळे मोतीचे फिरणे फाटकापर्यंतच होते. रात्री दोनदा त्याला बाहेर न्यावे लागते. पहिली फेरी माझी, दुसरी मुलाची. वही अण्णांच्या स्वाध्यायाच्या चौरंगावर असते आणि गुण रोज सकाळी भरले जातात. कालच्या पानावर बेरीज ३९ आहे. भुकेच्या रकान्यात सात, आणि शेजारी बारीक अक्षरांत अण्णांनी लिहिले आहे: अर्धी भाकरी, माझ्या ताटातली.