एक्सपोर्टचा वेळ कुठे जातो?

घरगुती चित्रणाचे संकलन पूर्ण झाल्यावर ‘एक्सपोर्ट’चे बटण दाबले की संगणक जी क्रिया सुरू करतो, ती संकलनाच्या साऱ्या कामांत सर्वांत जड असते आणि तिच्याविषयीच्या समजुती सर्वांत ढोबळ असतात. भिलाईतल्या मराठी घरांतही हेच दिसते. भिलाई पोलाद प्रकल्पाचा करार १९५५मध्ये झाला, तेव्हा भिलाई ज्यात येते त्या दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या राज्यातून चालत असे, त्यामुळे प्रकल्पाच्या वसाहतीत मराठी कुटुंबे आली आणि स्थिरावली याचे नवल नाही. आज सेक्टर १०सारख्या भागातील क्वार्टरमध्ये मुंज, गणपती किंवा निवृत्तीचा निरोपसमारंभ मोबाइलवर टिपला जातो आणि पुण्यातल्या वा परदेशातल्या नातलगांना पाठवण्यासाठी घरीच जोडला जातो. एक्सपोर्टला तासन्‌तास लागू लागले की ‘मोठे ग्राफिक्स कार्ड घ्या’ हा सल्ला ठरलेला असतो. तो अनेकदा अर्धाच खरा असतो, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी मोजावे लागणारे पैसे मात्र पूर्ण असतात.

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका तासाच्या चित्रणात ९०,००० फ्रेम होतात. मोबाइलवर ‘फोर-के’ म्हणून जी प्रतिमा मिळते तिच्यात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात, आणि प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट लागतात असे धरल्यास एक फ्रेम सुमारे २५ मेगाबाइटची, तर संपूर्ण तास सव्वादोन टेराबाइटच्या आसपास भरतो. तरीही मोबाइलमधली फाइल साधारण वीस-बावीस गिगाबाइटचीच असते, कारण ती जवळपास शंभरपट दाबलेली असते. दाबण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात, एच.२६४ ही पद्धत २००३मध्ये प्रमाणित झाली, आणि तेवढ्याच दर्जासाठी सुमारे निम्मी जागा घेणारी, परंतु बरीच अधिक आकडेमोड मागणारी एच.२६५ ही पद्धत २०१३मध्ये आली.

दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा होता, आणि पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे त्याच्या सर्व फ्रेम साठ हजारांहून थोड्या कमी भरतात. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे दादरच्या घरी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंच्या हातून होत, आणि फिल्म कापून जोडली की संकलन संपत असे. संगणकावरचे संकलन तिथे संपत नाही. टाइमलाइनवर चालवलेली कात्री ही केवळ सूचना असते, चित्रांना अद्याप हातही लागलेला नसतो. मूळ फाइल उलगडणे, रंग सुधारणे, अक्षरे चढवणे आणि सर्व पुन्हा दाबणे ही चारही कामे एक्सपोर्टच्या वेळी, फ्रेममागून फ्रेम, नव्याने करावी लागतात.

त्यांतले शेवटचे काम बहुधा सर्वांत खर्चिक असते. कोडेक प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. काही अंतराने एक संपूर्ण फ्रेम, जिला ‘की-फ्रेम’ म्हणतात, ती ठेवतो आणि मधल्या फ्रेमसाठी आधीच्या वा नंतरच्या चित्रातला कोणता तुकडा किती सरकला एवढेच लिहितो. समईची ज्योत हलते आणि मागची भिंत स्थिर असते, तेव्हा भिंतीसाठी जवळपास काहीच लिहावे लागत नाही. पण विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल उधळला की प्रत्येक कण वेगळ्या दिशेने जातो, आणि कोणता तुकडा कुठून आला हे शोधण्यासाठी असंख्य तुलना कराव्या लागतात. म्हणूनच सारख्याच लांबीच्या दोन चित्रणांना वेगवेगळा वेळ लागू शकतो.

ही तुलना दोन प्रकारे करता येते. प्रोसेसरने ती सॉफ्टवेअरच्या साहाय्याने केली तर वेळ जास्त लागतो, पण त्याच आकाराच्या फाइलमध्ये चित्र अधिक चांगले राहते. दुसरा मार्ग म्हणजे केवळ याच कामासाठी चिपमध्ये कोरलेला स्वतंत्र भाग. इंटेलने २०११मध्ये ‘क्विक सिंक’ या नावाने आणि एनव्हिडियाने २०१२मध्ये ‘एनव्हेंक’ या नावाने तो आणला. एक तासाच्या चित्रणाच्या ९०,००० फ्रेमपैकी सेकंदाला दहा निघाल्या तर अडीच तास लागतात, शंभर निघाल्या तर पंधरा मिनिटे. असा फरक या एका पर्यायाने पडू शकतो, आणि दर्जातली किंचित घट बिटरेट, म्हणजे प्रत्येक सेकंदासाठी खर्च केला जाणारा माहितीचा साठा, थोडा वाढवून भरून काढता येते. भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात संगणक जुळवून घेताना एक अक्षर मात्र पाहून घ्यावे: इंटेलच्या ज्या प्रोसेसरचे नाव ‘एफ’ने संपते त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, त्यामुळे क्विक सिंकही नसते, आणि काही रुपयांची बचत नेमकी याच कामाला नडते.

अडचण कुठे आहे हे विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये एक्सपोर्ट चालू असतानाच दिसते. ग्राफिक्सच्या पानावर ‘व्हिडिओ एन्कोड’चा आलेख भरलेला असेल तर दाबण्याचा भाग पूर्ण क्षमतेने चालला आहे, तो जवळजवळ रिकामा असून प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल तर काम सॉफ्टवेअरवर पडले आहे आणि सेटिंगमधला हार्डवेअरचा पर्याय तपासायला हवा. दोन्ही आलेख अर्धवटच भरलेले असतील तर बहुधा एखादा इफेक्ट प्रोसेसरच्या एकाच कोअरवर अडून बसलेला असतो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७मध्ये मांडलेला नियम इथे लागू पडतो: कामाचा निम्मा भाग क्रमानेच करावा लागत असेल तर कितीही कोअर वाढवले तरी वेळ निम्म्याखाली उतरत नाही.

डिस्कला या बाबतीत उगाच दोष दिला जातो. तयार फाइल सेकंदाला सहा-सात मेगाबाइट एवढ्याच वेगाने लिहिली जाते, आणि जुन्यातली जुनी हार्ड डिस्कही तेवढे सहज पेलते. एसएसडीमुळे संकलन करताना हात अडखळत नाही, एक्सपोर्ट मात्र क्वचितच लवकर होतो. संकलनाच्या सोयीसाठी बनवलेल्या हलक्या प्रती, ज्यांना प्रॉक्सी म्हणतात, त्यांचेही तेच. शेवटी मूळ फाइलच उलगडली जाते. अपवाद पेन ड्राइव्हचा. पट्टी ९९ टक्क्यांवर पोहोचून थांबते तेव्हा काही सॉफ्टवेअर फाइलची सूची शेवटून उचलून आरंभी आणत असते, त्यासाठी पूर्ण फाइल पुन्हा लिहावी लागते, आणि संथ पेन ड्राइव्हवर हे काम कंटाळा येईपर्यंत चालते.

भिलाईत मात्र एक्सपोर्ट लांबण्याचे आणखी एक कारण आहे, आणि दुकानाच्या कोटेशनमध्ये ते कधीच नसते. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांवर जाऊ शकतो आणि दुपारी बंद खोलीही तापलेली असते. प्रोसेसरचे तापमान साधारण १०० अंशांच्या मर्यादेला टेकले की तो स्वतःचा वेग कमी करतो. खोली २५ऐवजी ४० अंशांवर असेल तर पंख्याला मिळणारी हवाच पंधरा अंशांनी गरम असते आणि मर्यादा तितकी लवकर गाठली जाते. लॅपटॉपमध्ये याचा अनुभव विशेष येतो: आरंभीचे मिनिटभर वेग चांगला असतो, उरलेला वेळ वीस मिनिटे दाखवला जातो, आणि पुढे तोच आकडा घटण्याऐवजी वाढत जातो. गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची हवेची भोके झाकली जातात. टेबलावर ठेवणे, आतली धूळ वर्षातून एकदा काढणे आणि लांबलचक एक्सपोर्ट पहाटे लावणे हे उपाय नव्या कार्डाहून स्वस्त पडतात.

त्याहूनही स्वस्त उपाय फाइल कुठे जाणार आहे हे आधी ठरवण्याचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला व्हिडिओ तिथे पुन्हा दाबला जातो, त्यामुळे त्यासाठी फोर-के काढणे व्यर्थ. १९२० गुणिले १०८०च्या प्रतिमेत एक-चतुर्थांशच बिंदू असतात आणि दाबण्याचे काम त्याच प्रमाणाच्या आसपास घटते. केवळ सुरुवातीचा आणि शेवटचा नकोसा भाग छाटायचा असेल तर पुन्हा दाबण्याची गरजच नसते: एफएफएमपेगसारखी मोफत साधने मूळ माहिती तशीच उतरवून घेतात आणि अर्ध्या तासाची फाइल मिनिटाच्या आत तयार होते, एवढेच की छेद आपण ठरवलेल्या क्षणी न पडता जवळच्या की-फ्रेमवर पडतो आणि भाषणाचा पहिला शब्द कधीकधी एक-दोन सेकंद आधीच्या खोकल्यासकट येतो.