प्रकाशाची डाक

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे एकापाठोपाठ वसलेली आहेत. अंबरनाथला शिलाहार राजांच्या काळातील, इ. स. १०६० चे प्राचीन शिवालय आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी लष्करी छावणीच्या जागी आपले संसार नव्याने उभे केले. त्या वसाहतीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. बदलापूरविषयी असे सांगतात, की पूर्वीचे प्रवासी येथे थकलेले घोडे बदलून ताजे घोडे घेत, म्हणून गावाला हे नाव पडले. आज या शहरांतील घरोघरी एक निराळीच डाक येते. तिला घोडा लागत नाही, की आगगाडी लागत नाही. ती प्रकाशावर स्वार होऊन येते.

ही डाक वाहून आणणारा मार्ग म्हणजे काचेचा एक तंतू. त्याला ऑप्टिकल फायबर म्हणतात. हा तंतू मिलिमीटरच्या आठव्या भागाइतका जाड असतो आणि ज्या गाभ्यातून प्रकाश जातो, तो तर मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतकाच असतो. गाभ्याची काच आणि तिच्या भोवतालची काच यांच्या गुणधर्मांत किंचित भेद ठेवलेला असतो. त्यामुळे बाहेर निसटू पाहणारा प्रकाश पुन्हा आत वळतो. पंजाबात जन्मलेले शास्त्रज्ञ नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेता येते, हे दाखविले. काच पुरेशी शुद्ध केली, तर प्रकाशाचा संदेश दूरवर नेता येईल, हे चार्ल्स काव यांनी १९६६ साली सांगितले. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. मुंबईहून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर. एवढे अंतर कापायला त्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाचा जेमतेम तिसरा हिस्सा पुरतो!

हा तंतू घरात येऊन एका लहानशा पेटीला मिळतो. सेवा देणारी कंपनी ही पेटी बसवून जाते. लोक तिला मोडेम म्हणतात. वास्तविक या एका पेटीत बहुधा दोन निरनिराळे सेवक बसलेले असतात.

पहिल्या सेवकाचे काम जुन्या बदलापूरसारखे आहे. तेथे प्रवासी तोच राही, घोडा मात्र बदले. येथेही संदेश तोच राहतो. पण प्रकाशावरून उतरून तो विजेवर स्वार होतो. घरातून बाहेर जाणारा संदेश उलट विजेवरून प्रकाशावर चढतो.

दुसऱ्या सेवकाचे काम उल्हासनगरच्या पत्त्यासारखे आहे. छावणीच्या जुन्या बराकींवरून तेथे आजही पत्ते सांगितले जातात. पत्र आधी बराकीच्या क्रमांकावर येते. मग खोलीचा क्रमांक पाहून ते योग्य हाती पडते. तद्वत बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता ठाऊक असतो. घरातील संगणक, दूरदर्शन संच, भ्रमणध्वनी यांपैकी कोणी काय मागितले होते, हे लक्षात ठेवून ज्याचे त्याला पोहोचविणारा हा सेवक म्हणजे राउटर.

पुष्कळदा एखाद्या कुटुंबाला वाटते, की कंपनीच्या पेटीऐवजी स्वतःचा राउटर असावा. कधी मागच्या खोलीत वायफाय पोहोचत नाही, तर कधी मुलांच्या वापराचे तास ठरवून द्यायचे असतात. ही इच्छा रास्त आहे. दुसऱ्या सेवकाचे काम आपल्या राउटरकडे खुशाल द्यावे. पहिल्या सेवकाला मात्र कंपनीला न विचारता हलवू नये. असे का?

कारण प्रकाशाचा तो मार्ग एकट्या घराचा नसतो. वाटेत एक स्प्लिटर असतो. तो एका तंतूतील प्रकाश बत्तीस किंवा चौसष्ट घरांना वाटून देतो. केंद्राकडून येणारा प्रकाश सर्वांच्या दारी सारखाच येतो. प्रत्येक पेटी त्यातील केवळ आपला भाग उचलते. उलट दिशेने मात्र सर्वांना एकाच मार्गाने जायचे असते. म्हणून केंद्र प्रत्येक पेटीला पाळी नेमून देते. पाळी आली, की पेटी क्षणाच्या अत्यल्प अंशापुरती चमकते आणि लगेच गप्प होते. समजा, एखादी पेटी पाळी न पाळता सारखी चमकत राहिली, तर शेजारच्या साऱ्या घरांची डाक अडेल. वर्गात एकच मुलगा ओरडत राहिला, तर इतरांचे बोलणे जसे ऐकू येत नाही, तसेच हे. म्हणून केंद्रात प्रत्येक पेटीचा क्रमांक नोंदलेला असतो आणि अनोळखी पेटीला तेथे सेवा मिळत नाही.

तेव्हा बदल करण्याची रीत अशी : प्रथम कंपनीला सांगून जुन्या पेटीतील वाटपाचे काम बंद करून घ्यावे. या व्यवस्थेला ब्रिज म्हणतात. मग जुन्या पेटीतून निघालेली तार नव्या राउटरच्या प्रवेशद्वाराला जोडावी. कंपनीकडून मिळालेले वापरनाव आणि परवलीचा शब्द त्यात भरावा. जुनी पेटीही वाटप करीत राहिली, तर पत्ता दोनदा बदलतो आणि काही कामांत अडथळा येतो. घरचा दूरध्वनी जुन्या पेटीला जोडलेला असेल, तर तो मुका होणार नाही ना, हेही आधी विचारावे.

आणखी एक सावधगिरी अवश्य बाळगावी. तंतूच्या उघड्या टोकात कधीही डोकावू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. पण तो डोळ्यांना इजा करू शकतो. तंतू तीव्र कोनात वाकवूही नये. वाकला, की प्रकाश बाहेर सांडतो आणि डाक खोळंबते.

नवा राउटर आला, की त्याची राखणही घरच्यांकडेच येते. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा लागतो आणि वेळोवेळी येणाऱ्या सुधारणा त्यात भरून घ्याव्या लागतात. पूर्वी ही काळजी कंपनी वाहत असे. उंबरठ्याच्या आत आपली व्यवस्था आपण लावावी. उंबरठ्याबाहेरची वाट मात्र सर्वांची आहे, तेथे आपली पाळी पाळावी. काचेचा हा नाजूक तंतू शेजाऱ्यांना याच नियमाने जोडून ठेवतो.